आज्यांच्या ताब्यातलं शहर

चीनमध्ये शहरांचेही नंबर लागतात. बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि शेन्झेन ही पहिल्या फळीतली. त्यांच्यामागे ‘नवी पहिली फळी’ म्हणून पंधरा शहरं बसवलेली आहेत. ज्यांना पहिला नंबर देता येत नव्हता आणि दुसरा दिला असता तर रुसून बसली असती, त्यांची ही सोय. मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. एक आर्थिक वृत्तसमूह दरवर्षी ही यादी काढतो आणि ज्यांचं शहर घसरलं ते लोक ‘यादी काढणाऱ्यांना काही कळत नाही’ असं पुढची यादी येईपर्यंत सांगत राहतात.

आमचं लिउझौ तिसऱ्या फळीत. दक्षिणेला, व्हिएतनामच्या सीमेला लागून जो ग्वांगशी प्रदेश आहे, त्यात. शांघायच्या माणसाला ‘मी लिउझौत राहते’ म्हटलं की तो क्षणभर आठवल्यासारखं करतो आणि म्हणतो, ‘‘हां हां, छोटी जागा. निवांत असेल.’’ २०२० च्या जनगणनेत आजूबाजूचे तालुके धरून या छोट्या जागेत एकेचाळीस लाखांवर माणसं भरली. मी सोलापूर जिल्ह्यातली. एवढी माणसं आमच्या पंढरपुरात आषाढीलासुद्धा जमत नाहीत, आणि पंढरपूरला कुणी निवांत म्हटल्याचं मला आठवत नाही.

आम्ही इथे आलो ते गाड्यांच्या सुट्या भागांपायी. नवरा त्या धंद्यात आहे. भाग त्याच्याकडे, सुटी माझ्याकडे. त्यामुळे दिवसाउजेडी हे शहर कसं चालतं ते पाहायला मला भरपूर सवड मिळाली. देश कोण चालवतं ते जगजाहीर आहे, त्यावर मी बोलणार नाही. शहर मात्र आज्या चालवतात.

यात अतिशयोक्ती नाही, साधा हिशेब आहे. इथे कारखान्यातल्या बायका इतकी वर्षं पन्नाशीला निवृत्त होत आल्या, कचेरीतल्या पंचावन्नला आणि पुरुष साठीला. २०२५ पासून ही वयं हळूहळू वाढवायला घेतली आहेत. पंधरा वर्षांत पुरुष त्रेसष्टला पोचतील आणि बायका पंचावन्न-अठ्ठावन्नला. पण ज्या आधीच सुटल्या त्या सुटल्या. आता बघा, पन्नाशीची बाई, गुडघे शाबूत, पेन्शन चालू, एकुलतं एक मूल नोकरीला लागलेलं आणि त्या मुलाचं मूल हिच्या ताब्यात. त्यातून लिउझौ हे पोलाद, ट्रॅक्टर आणि मोटारींचं गाव. म्हणजे या आज्या उमेदीच्या काळात लेथवर आणि क्रेनवर उभ्या राहिलेल्या. त्यांच्यापुढे भाजीवाला तो काय टिकणार?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी अशाच ट्रॅक्टरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. पहिल्या भेटीत, लिफ्ट तळमजल्यावरून नवव्या मजल्यावर जाईपर्यंत त्यांनी माझं वय, नवऱ्याचा पगार, घराचं भाडं आणि मूल एकच का, एवढं विचारून घेतलं. वर पोचल्यावर, भाडं जास्त देतेस असा निकाल दिला. दुसऱ्या दिवसापासून फाटकावरचा पहारेकरी, पार्सलवाली आणि खालच्या दुकानातली मुलगी हे तिघेही माझ्याकडे, जास्त भाडं देणाऱ्या बाईकडे पाहावं, तसं पाहू लागले.

सकाळी साडेसहाला आज्या बाजारात असतात. साडेआठनंतर जे जातात ते नोकरदार, आणि त्यांना काय मिळतं ते आज्यांनी नाकारलेलं. भाव ‘जिन’मध्ये, म्हणजे अर्ध्या किलोचा. त्यामुळे सगळंच स्वस्त वाटतं, घरी येऊन पिशवी उचलून बघेपर्यंत. मासा जिवंतच घ्यायचा असा नियम. आजी टाकीवर वाकतात, बोटाने एक दाखवतात, कोळीण तो जाळीने वर काढते, आजी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघतात आणि म्हणतात, ‘‘हा दमलाय.’’ कोळीण म्हणते, ‘‘आत्ता तर आलाय.’’ आजी म्हणतात, ‘‘प्रवासानं दमलाय.’’ असे चार मासे विश्रांतीला परत पाठवून पाचवा पसंत पडतो. तोवर मागच्या रांगेतल्या दोन आज्यांनीही त्या चौघांविषयी आपापलं मत नोंदवलेलं असतं. भाजी घेतली की वर कांद्याची पात फुकट टाकायचा इथे रिवाज आहे, आपल्याकडे कोथिंबिरीचा असतो तसा. भाजीवाल्याने पात टाकली नाही तर आजी काही बोलत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. त्या उभं राहण्यापुढे भल्याभल्यांची पात निघते.

पैसे अर्थातच फोनवरून. या गोष्टीचं मराठी वाचकापुढे कौतुक करण्यात आता अर्थ नाही, सोलापुरात कडक भाकरीवालीसुद्धा फोन पुढे करते. फरक असलाच तर इतकाच, की इथला डबा ‘तीन युआन मिळाले’ हे अशा आनंदाने ओरडतो की आपण देणगी दिली असं वाटतं.

या शहराला वास आहे. हे मी वाईट अर्थाने म्हणत नाही. वास वाईटच आहे, पण अर्थ वाईट नाही. लुओसफन हा इथला तांदळाच्या शेवयांचा रस्सा. नदीतल्या गोगलगायी, हाडं आणि डझनभर मसाले तासन्‌तास उकळून तो करतात. गोगलगायी स्वतः वाडग्यात सहसा येत नाहीत, त्या पडद्यामागच्या कलावंत. वाडग्यात येते ती लालभडक तर्री, सोयाच्या दुधाच्या सायीची तळलेली पापडी, चवळीच्या लांब शेंगांचं आंबट लोणचं, काळ्या अळंब्या, तळलेले शेंगदाणे आणि आंबवलेले बांबूचे कोंब. वासाची सगळी जबाबदारी या कोंबांची. तो वास लिफ्टमधून एकटा वरखाली करतो. बाहेरगावी नोकरीला गेलेल्या लिउझौकराचं घरमालकाशी पहिलं भांडण होतं ते यावरूनच. शेजारी बदकाचे पाय तळून, मग रश्शात मुरवून ठेवलेले असतात. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. इथे पोटात गोगलगाय असते आणि पाय वाटीत असतो, बदकाचा.

तर्री आणि शेंगदाणे दिसल्यावर सोलापूरच्या माणसाला परकं वाटायचं कारण उरत नाही. रात्री अकरा वाजता या दुकानांत जागा मिळत नाही. फुटपाथवर प्लास्टिकची बुटकी स्टुलं, घोट्याएवढ्या उंचीची टेबलं आणि नाकं पुसत शेवया ओढणारी सबंध खानदानं. बोलायचं नसतं. बोलायला तोंड उघडलं की तर्री श्वासात जाते. मी एकदा घरची शेंगाचटणी डबीतून नेली आणि वर भुरभुरली. मालकीणबाईंनी बोट बुडवून चाखली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चाखली. मग त्यांनी स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारली. नवऱ्याने चाखली. मग वाढप्या आला. डबी रिकामी परत मिळाली, धुऊन.

हा पदार्थ हे लोक किती गंभीरपणे घेतात याची कल्पना बाहेरच्याला येत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रात्रीच्या हातगाड्यांवर रुजलेला हा प्रकार २०१४ पासून पाकिटात भरून देशभर जायला लागला. २०२० साली देश घरात कोंडला गेला तेव्हा पाकिटांची विक्री हजार कोटी युआनच्या वर गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इथल्या एका व्यावसायिक महाविद्यालयात या शेवयांचं शिक्षण देणारा स्वतंत्र विभाग निघाला. २०२१ साली ती करण्याची कला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आजींच्या नात्यातला एक मुलगा या शेवयांच्या कॉलेजात आहे म्हणाल्या. मी सहानुभूतीने विचारलं, ‘‘इंजिनिअरिंगला नंबर नाही लागला?’’ आजी म्हणाल्या, ‘‘लागत होता की. पण याला नोकरी आहे.’’

शहराचा दुसरा अभिमान चार चाकांवर आहे. वूलिंग या इथल्या मोटारवाल्यांनी २०२० च्या जुलैत होंगग्वांग मिनी नावाची विजेवरची गाडी काढली. लांबी तीन मीटरहून कमी आणि किंमत २८,८०० युआन, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने तीन लाख रुपयांच्या आसपास. लिउझौत ती सगळीकडे पसरली आहे. फिकट गुलाबी, पिस्ता, लिंबू, आणि काहींच्या पापण्यासुद्धा चिकटवलेल्या. नगरपालिकेनेही तिच्यासाठी उत्साहाने जागा शोधली. झाडाच्या बुंध्याशी, दोन इमारतींच्या बेचक्यात, जिथे आपण फार तर कुंडी ठेवू, तिथे पांढरे पट्टे मारून पार्किंग काढलंय. याच घराण्यातली एअर ईव्ही नाव बदलून २०२३ पासून भारतात एमजी कॉमेट म्हणून धावते. पुण्यात ती सिग्नलला थांबली की लोक वाकून आत कोण बसलंय ते बघतात. इथे तेवढ्याच गाडीतून आजी, नातू, नातवाचं व्हायोलिन, तांदळाचं पोतं, आजींची मैत्रीण आणि पिशवीतून डोकं बाहेर काढून रस्ता बघणारी एक कोंबडी, असं सगळं सुखाने उतरताना मी पाहिलं आहे. टाळेबंदीच्या दिवसांत याच वूलिंगवाल्यांनी मास्क बनवले आणि पुढे शेवयांची भेटपेटीही काढली. लोकांना जे लागेल ते करू, असं त्यांचं धोरण. ते कुणाकडून शिकले असतील ते सांगायला नको.

ज्यांच्याकडे ही गाडी नाही त्यांच्याकडे विजेवरची स्कूटर. हिवाळ्यात या स्कूटरला पुढून गोधडी लावतात. खरीखुरी गोधडी, कापूस भरलेली, दोन बाजूंना हात घालायला खिसे असलेली. त्यावर अस्वलं नाहीतर गुलाब. सकाळी आठ वाजता सिग्नलला शंभर-दीडशे माणसं अंथरुणातून न उठताच कामावर निघाल्यासारखी उभी असतात.

दुपारचं काही सांगण्यासारखं नाही, कारण दुपारी काही घडतच नाही. सरकारी कचेऱ्या बारा ते तीन बंद. बँकेतला पहारेकरी घडीच्या खाटेवर, दुकानातली मुलगी गल्ल्यावर डोकं ठेवून, रिक्षावाला रिक्षात मागच्या सीटवर पाय वर करून. वामकुक्षीची सगळी टीका आम्ही बिचाऱ्या पुणेकरांवर केली आणि फुकट केली, असं इथे आल्यावर वाटतं. पुण्यात निदान पाटी तरी लावतात.

आता ओल. सोलापूरच्या माणसाला आर्द्रता हा शब्द बातम्यांतून माहीत असतो. लिउझौत फेब्रुवारी-मार्चमध्ये, थंडी ओसरत असताना, दक्षिण चिनी समुद्रावरून उबदार दमट वारा अचानक आत घुसतो. भिंती आणि फरश्या अजून गारठलेल्याच असतात. त्यांना घाम फुटतो. अलंकारिक नाही, खराखुरा. भिंतीवरून ओघळ येतात, आरसा रडतो, जिन्याचा कठडा हाताला सटकतो, आणि तळमजल्यावर ‘घसराल’ अशी पिवळी पाटी मांडून पहारेकरी स्वतः खुर्ची घट्ट धरून बसतो. या दिवसांना इथे ह्वेनानथ्येन म्हणतात. ओल आली की खिडक्या उघडाव्या हे आपलं शहाणपण इथे उलटं. खिडकी उघडली की बाहेरची उरलेली हवाही घामाघूम व्हायला आत येते. आजी किल्ली मागून घेऊन, मी घरात नसताना, वर जाऊन माझ्या खिडक्या लावून आल्या, शिवाय स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यांची झाकणं उघडून वास घेऊन आल्या, आणि हिंगाबद्दल इमारतीत काय चर्चा झाली ती मला आजतागायत कुणी सांगितलेली नाही. बांबूचे कोंब खाणाऱ्या लोकांनी हिंगाला नाक मुरडावं, यावर मी काही बोलत नाही. माहेरून आणलेली सोलापुरी चादर मात्र त्या दिवसांत कपाटातल्या कपाटात ओली झाली. न धुता.

मग एका सकाळी ऊन पडतं. कुणी भोंगा वाजवत नाही, पण पंधरा मिनिटांत सगळ्या इमारतींतल्या सगळ्या गाद्या-गोधड्या बाहेर आलेल्या असतात. कुंपणावर, व्यायामाच्या दांड्यांवर, मुलांच्या घसरगुंडीवर, पिस्ता रंगाच्या गाड्यांच्या टपावर. कुणाची गोधडी कुठे याचे ठरलेले मानपान आहेत. घसरगुंडी ही मानाची जागा. ती आमच्या आजींची.

आजारपणावर इथे एकच औषध आहे, गरम पाणी. सर्दी, गरम पाणी. पोटदुखी, गरम पाणी. नवऱ्याशी भांडण, आधी गरम पाणी पी. १९५२ च्या आरोग्य मोहिमेत उकळलेलं पाणी प्यायची सवय घरोघर नेली, ती इतकी भिनली की आता मे महिन्यात हॉटेलातही वाफाळतं पाणी येतं. बर्फ मागितला तर वाढपी आधी चेहऱ्याकडे आणि मग हळूच पोटाकडे बघतो.

आजोबांचं काय, असं कुणी विचारेल. आजोबा आहेत. ते नदीत आहेत. लिउ नदी या शहराला घड्याच्या आकाराचा वळसा घालून जाते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत इथे कारखान्यांच्या धुरामुळे आम्लाचा पाऊस पडायचा आणि त्यासाठीच गाव प्रसिद्ध होतं. ते इतकं सुधारलं की २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी नदी-तलावांच्या पाण्याच्या शुद्धतेत लिउझौ देशात पहिलं आलं. आजोबांनी ही बातमी मनावर घेतली. कमरेला दोरीने बांधलेला भगवा फुगा, फुग्यात कपडे आणि फोन, आणि जानेवारीच्या गारठ्यातही या काठावरून त्या काठावर. त्यांच्यातल्या काहींच्या मते पूल हा अशक्तांसाठी बांधलेला आहे. घरी आजी आहेत हे ध्यानात घेतलं तर त्यांना पाणी गार का लागत नसावं हेही समजतं.

या गावात येणं ही पूर्वी शिक्षा होती. लिउ त्सोंगयुआन या ताङ काळातल्या मोठ्या लेखकाला दरबाराने ८१५ साली राजधानीपासून शक्य तितक्या लांब पाठवायचं ठरवलं आणि इथला कारभारी करून धाडलं. त्यांनी रुसून न बसता विहिरी खोदल्या, कर्जापायी गुलाम झालेल्यांना सोडवलं, संत्र्याची झाडं लावली आणि ८१९ साली इथेच देह ठेवला. मरण्याशी या गावाचं नातं तसं जुनंच. ‘जन्मावं सूझौत, राहावं हांगझौत, खावं ग्वांगझौत आणि मरावं लिउझौत’ अशी म्हणच आहे, कारण शवपेटीचं लाकूड इथलं उत्तम. पर्यटन खात्याला मिळालेलं याहून अवघड घोषवाक्य माझ्या माहितीत नाही. पण लोक धंदेवाईक. बोटभर लांबीच्या शवपेट्या करून त्या आठवणवस्तू म्हणून विकतात, आणि उच्चारसाधर्म्यामुळे त्या बढती व बरकतीच्या मानतात. लोक त्या साहेबाला भेट देतात. आपल्याकडे साहेबाच्या बढतीला कुणी छोटीशी तिरडी नेऊन दिली तर बदली कुठे होईल?

एप्रिलमध्ये सगळं गाव कांचनाच्या फुलांनी गुलाबी होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाखो झाडं, आणि प्रत्येक झाडाखाली रेशमी ओढणी हवेत उडवून फोटो काढणाऱ्या आज्या. ओढणी उडवायला एक, फोटो काढायला एक आणि ‘हनुवटी वर’ म्हणायला एक, असा तिघींचा संच असतो. कांचन ही आपल्या आपट्याची भावकी. पान तेच, दोन दलांचं. दसऱ्याला मी त्याची चार पानं तोडून आणली आणि सोनं म्हणून आजींना द्यायला गेले. २०१३ साली सोन्याचा भाव कोसळला तेव्हा सराफांकडे झुंबड उडवून जगभरच्या वर्तमानपत्रांत आल्या त्या याच चिनी आज्या. त्यांच्यापुढे झाडाचं पान सोनं म्हणून ठेवायला काळीज लागतं. आजींनी पान उलटंसुलटं केलं, उजेडात धरलं, आणि आजचा ग्रॅमचा भाव मला तोंडपाठ सांगितला. मग त्यांनी पान फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवलं. भाव वाढेल म्हणाल्या.

संध्याकाळी साडेसातला चौकाचौकांत कर्णे लागतात. पन्नास-साठ आज्यांचा एक ताफा, पुढे एक म्होरकी, आणि मग दोन तास नाच. आमच्या नदीकाठच्या चौकात तीन ताफे आहेत. एकीचं लोकगीत, दुसरीचं डिस्को, तिसरीच्या हातात लाल पंखे. तिघींच्या हद्दी फरशीच्या रंगावरून ठरलेल्या आहेत आणि आवाज वाढवण्याची स्पर्धा कुणीच जिंकत नाही. सगळ्यात मागच्या रांगेत नवशिक्या, आणि पुढची जागा वर्षानुवर्षांच्या सेवेने मिळते. मी भारतीय म्हटल्यावर मला नाचता येतच असणार असं धरून एकदम तिसऱ्या रांगेत घेतलं. मागच्यांची तोंडं बघवत नव्हती. ‘आवारा’ आणि ‘कारवाँ’ हे दोन हिंदी सिनेमे चिनी भाषेत येऊन गेले त्याला कित्येक दशकं झाली, पण साठीच्या वरच्यांना राज कपूरची चाल अजून गुणगुणता येते आणि आशा पारेख कशा आहेत हे त्या मला शेजारणीची चौकशी करावी तसं विचारतात. ‘‘बऱ्या आहेत,’’ मी सांगते. त्या ‘‘गरम पाणी पितात ना?’’ असं विचारतात.

हा नाच पावसाने थांबत नाही, थंडीने थांबत नाही, पोलिसांनी तर नाहीच. वर्षातून एकदाच फक्त त्याचा आवाज थांबतो. ७ जूनला विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा सुरू होते, तेव्हा. तेव्हा बांधकामं बंद, भोंगे बंद, परीक्षार्थींना फुकट नेणाऱ्या टॅक्स्यांवर फिती, आणि यश यावं म्हणून अंगाला घट्ट बसणारे लाल छिपाव घालून केंद्राबाहेर उभ्या असलेल्या आया. त्या संध्याकाळी तिन्ही ताफे चौकात येतात आणि कर्ण्याऐवजी कानात यंत्र घालून नाचतात. बघणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही, दीडशे बायका नुसत्या हलताना दिसतात. कुणाच्या तरी नातवाचा इंग्रजीचा पेपर दुसऱ्या दिवशी असतो.

रविवारी सकाळी आजी मला यूफंग टेकडीखालच्या बागेत घेऊन गेल्या. लिउझौत घरांच्या मधूनच चुनखडीच्या उभ्या टेकड्या वर आलेल्या आहेत, त्यातली ही एक. लिउ सानच्ये ही झ्वांग लोकांच्या कथेतली गाणारी मुलगी इथल्या डोहातून माशावर बसून स्वर्गाला गेली असं सांगतात. तिच्यावर १९६० साली निघालेला सिनेमा इथल्या प्रत्येक आजीला पाठ आहे. तिच्या नावाने म्हातारेकोतारे इथे जमतात आणि सवालजवाब गातात, इथल्या बोलीत, तिथल्या तिथे रचून. एक चार ओळींनी डिवचतो, समोरची चार ओळींनी परतवते. बघे शेंगा सोलत ऐकतात आणि कोण हरलं ते हशावरून ठरतं.

आम्ही पोचलो तेव्हा फुगेवाल्यांपैकीच एक आजोबा रंगात होते, केस अजून ओले. त्यांची नजर माझ्यावर पडली, त्यांनी घसा साफ केला आणि चार ओळी टाकल्या. शंभरेक माणसं माझ्याकडे बघून खो खो हसली. मी आजींना विचारलं, ‘‘काय म्हणाले?’’

‘‘नाकाबद्दल होतं,’’ आजी म्हणाल्या. ‘‘तू हो बाजूला.’’

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, थर्मास उघडून दोन घोट घेतले, आणि कमरेवर हात ठेवून उलट चार ओळी गायल्या. आधी कुणी हसलंच नाही. मग मागून एकजण हसला, मग सगळी बाग. आजोबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि ते आपला भगवा फुगा उचलून नदीच्या दिशेने चालू लागले.

‘‘माझ्या बाजूनं काय सांगितलंत?’’ मी विचारलं.

‘‘तुझं काही नव्हतं त्यात,’’ आजी पिशवी परत घेत म्हणाल्या. ‘‘त्यांच्या पेन्शनबद्दल होतं.’’